तुमचं वेटिंग नेमकं कोणत्या रांगेतलं?

अकोल्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

“लेक पुण्याला असते. पहिलंच बाळंतपण आहे. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी पोहोचायचं म्हणून भाच्याने मोबाइलवरून आझाद हिंद एक्सप्रेसची थर्ड एसीची तिकिटं काढून दिली. माझं वय ६१, यजमानांचं ६६, त्यांचे गुडघे दुखतात. तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल १४ आणि १५ असं आलं. नंतर ते ९ आणि १० झालं, पण गेले पाच दिवस तिथेच आहे. शेजारच्या वहिनी मागच्या महिन्यात नागपूरहून पुण्याला गेल्या. त्यांचं वेटिंग ६१ होतं, तरी कन्फर्म झालं. मग आमचं ९ का हलत नाही? एक एजंट म्हणतो, माणशी आठशे द्या, करून देतो. यजमान म्हणतात, तसंच चढू, टीसीला विनंती करू. मागच्या वर्षी आमचं आरएसी आलं होतं. जागा नाही असं समजून आम्ही तिकीट रद्द केलं आणि रात्रभर बसने गेलो. त्यांचे गुडघे चार दिवस सुजले होते. आता प्रवासाला एकोणीस दिवस राहिलेत. तिकीट ठेवू की रद्द करू? आणि ते मोबाइलवर टक्के दाखवतात, ते खरे धरायचे का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तिकीट आज रद्द करू नका. पण त्याच्या भरवशावरही राहू नका. मध्ये एकोणीस दिवस आहेत आणि तेवढ्यात करण्यासारखं बरंच आहे. तुमच्या भाच्याने तिकीट काढताना एक रकाना पाहिला नसावा, आणि तो रकाना खास तुमच्या वयाच्या माणसांसाठीच आहे. त्याकडे येतोच. आधी वहिनींचं ६१ का सुटलं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं नीट कळणार नाही.

पिठाच्या गिरणीत गव्हाची चक्की दिवसभर चालू असते आणि बेसनाची चक्की पुरेसे डबे जमले की लावतात. गव्हाच्या रांगेत तुमच्यापुढे वीस डबे असले तरी तासाभरात दळण हातात पडतं. बेसनाच्या रांगेत दोनच डबे पुढे असले तरी कधीकधी दुसऱ्या दिवशी यावं लागतं. गाडीतल्या वेटिंगचंही असंच आहे. रांगा अनेक आहेत आणि प्रत्येक रांगेची चक्की वेगळी. वहिनी गव्हाच्या रांगेत होत्या, तुम्ही बेसनाच्या रांगेत आहात.

गाडीतले सगळे बर्थ एका ढिगात विकायला ठेवलेले नसतात. त्यांचे वाटे पडलेले असतात, त्यांना कोटा म्हणतात. सर्वांत मोठा वाटा जनरल कोट्याचा. गाडी जिथून सुटते तिथून, किंवा त्याच्या आसपासच्या स्टेशनांवरून, शेवटपर्यंत जाणाऱ्यांना तो मिळतो. त्यातल्या वेटिंगला जीएनडब्ल्यूएल म्हणतात. वहिनींची गाडी नागपूरहून सुटणारी आणि पुण्यालाच संपणारी असणार, म्हणून त्या या रांगेत होत्या. बर्थ पुष्कळ, म्हणून रद्द होणारी तिकिटंही पुष्कळ, आणि रांग भराभर पुढे सरकते.

तुमची गाडी हावड्याहून निघते. अकोला हे तिच्यासाठी मधलं स्टेशन. मधल्या स्टेशनांच्या प्रवाशांसाठी एक लहानसा सामायिक वाटा काढलेला असतो, त्याला पूल्ड कोटा म्हणतात. त्याचं वेटिंग म्हणजे तुमच्या तिकिटावरचं पीक्यूडब्ल्यूएल. या वाट्यावर अनेक गावं अवलंबून असतात. बर्थ मोजके, म्हणून रद्द होणारेही मोजके. तुमच्या रांगेतलं कुणी तिकीट रद्द केलं तरच तुमचा नंबर पुढे सरकतो. जनरल कोट्यात पन्नास जणांनी रद्द केलं तरी तुमच्या ९ आणि १० ला त्याचा उपयोग नाही. पाच दिवस आकडा हलला नाही याचं कारण एवढंच. तुमच्या तिकिटात चूक काही नाही.

आणखी दोन रांगा ओळखून ठेवा. आरएलडब्ल्यूएल दिसलं तर ते मधल्या एखाद्या मोठ्या स्टेशनला दिलेल्या ठरावीक बर्थचं वेटिंग. तेही सावकाश सरकतं. टीक्यूडब्ल्यूएल म्हणजे तत्काळचं वेटिंग. त्यावर मी कधीच कुणाला विसंबू देत नाही. चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी, बनताना उरलेल्या जागा आधी जनरल वेटिंगला जातात, तत्काळवाले त्यांच्या मागे असतात. शिवाय ते वेटिंग आरएसीत येत नाही, सुटलं तर थेट कन्फर्म, नाहीतर काहीच नाही.

आता आकड्यांचं. तुमच्या तिकिटावर दोन आकडे आहेत: १४ हा तिकीट काढलं त्या क्षणीचा, ९ हा आजचा. पहिला कायम तसाच राहतो. बदलतो तो दुसरा, आणि बघायचा तोच. पुष्कळ लोक पहिला आकडा बघून धास्तावतात. नवीन तिकीट काढताना “जीएनडब्ल्यूएल ५८ / डब्ल्यूएल २३” असं दिसलं तर त्याचा अर्थ असा, की या रांगेत आतापर्यंत सत्तावन्न जण येऊन गेले, त्यातले बरेच सुटले किंवा निघून गेले, आणि आज तिकीट काढलं तर तुम्ही तेविसावे.

टक्क्यांचं विचारलंत. वेटिंग कन्फर्म होण्याची शक्यता दाखवायची सोय रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावर २०१८ पासून आहे, खाजगी अ‍ॅपही ती दाखवतात. मागच्या काळात त्या गाडीचं वेटिंग कसं सुटलं यावरून तो अंदाज बांधलेला असतो. कोणती गाडी निवडावी हे ठरवताना त्याचा उपयोग जरूर करा. पण तुमच्या प्रवासाच्या दिवशी लग्नाची मोठी तिथ असेल किंवा जोडून सुट्ट्या आल्या असतील, तर मागचा अनुभव कामाला येत नाही. सत्तर टक्के म्हणजे दहांतल्या तीन घरी बसलेल्या आया. बाळंतपणाची तारीख असताना मी त्या तिघींचा विचार आधी करतो.

आता भाच्याच्या सुटलेल्या रकान्याकडे येतो.

तिकीट काढताना गाडी आणि तारखेच्या जवळच कोटा निवडायची जागा असते. तिथे आपोआप ‘जनरल’ आलेलं असतं आणि बहुतेक लोक त्याला हातही लावत नाहीत. ती यादी उघडली की त्यात ‘लोअर बर्थ / ज्येष्ठ नागरिक’ असा पर्याय आहे. साठ आणि त्यापुढचे पुरुष, तसंच पंचेचाळीस आणि त्यापुढच्या स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. अट एवढीच, की तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावेत आणि दोघेही या वयात बसणारे असावेत. तुम्ही दोघं त्यात अगदी चपखल बसता. ६१ आणि ६६. सोबत भाचा किंवा नात असती तर हे दार बंद झालं असतं.

या कोट्यात वेटिंगची भानगड नसते. जागा असेल तर मिळते, नसेल तर नाही असं सरळ दिसतं. आणि जनरलमध्ये वेटिंग पन्नासवर गेलेलं असताना इथे दोन बर्थ शिल्लक दिसले, असं मी अनेकदा पाहिलं आहे. कारण कुणी पाहतच नाही. तुमच्या गाडीत, त्याच तारखेला, अकोला ते पुणे, आधी हे पाहा. मग एक दिवस अलीकडची तारीख पाहा, मग दोन दिवस अलीकडची. बाळाला डॉक्टरांची तारीख माहीत नसते, तेव्हा लेकीकडे दोन दिवस आधी पोहोचलात तर नुकसान काही नाही. दिसतील असं वचन मी देत नाही, पण पाच मिनिटं घालवून पाहण्यासारखं हेच आहे.

(एक गैरसमज इथेच दूर करतो. ज्येष्ठांना भाड्यात जी सवलत होती ती २०२० च्या मार्चपासून बंद आहे. हा कोटा त्याहून वेगळा आहे. भाडं पूर्ण लागतं, मिळतो तो खालचा बर्थ.)

तिथे नाही जमलं तर दुसरी वाट. नागपूरहूनच सुटणाऱ्या आणि पुण्याला संपणाऱ्या गाड्या पाहा, आणि तिकीट अकोल्याहून न काढता नागपूर ते पुणे असं काढा. त्याच वेळी ‘बोर्डिंग स्टेशन’ म्हणून अकोला निवडा. हे पूर्ण नियमात आहे. नागपूर ते अकोला या सुमारे अडीचशे किलोमीटरचं भाडं जास्त पडेल, पण तुम्ही बेसनाच्या रांगेतून गव्हाच्या रांगेत जाल. त्या गाडीला जनरलमध्ये जागा शिल्लक असेल तर प्रश्नच मिटला. वेटिंग आलं तरी ते जीएनडब्ल्यूएल असेल आणि वहिनींसारखं सुटण्याची आशा बरीच जास्त. गाडी अकोल्याला थांबते ना, एवढं तेवढं आधी बघून घ्या. बोर्डिंग स्टेशन अकोला ठेवलं की नागपूरला चढायचा हक्क राहत नाही, पण तुम्हाला तो हवा तरी कशाला.

दिवसाचा प्रवास चालणार असेल तर २०२५ च्या ऑगस्टपासून नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली आहे, ती अकोल्याला थांबते. तिच्यात खुर्च्या आहेत, बर्थ नाहीत. दिवसभर बसून जायचं म्हणजे यजमानांच्या गुडघ्यांना त्रास होणार, मधूनमधून उठून डब्यातून फेरी मारावी लागेल. माझी पहिली पसंती रात्रीचा खालचा बर्थच. पण रात्रभर बसने जाण्यापेक्षा ही खुर्ची कितीतरी बरी.

आता आरएसी. मागच्या वर्षीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तुम्ही हातात आलेली जागा सोडून दिलीत. आणि तुम्ही एकट्या नाही. आरक्षणाच्या खिडकीमागे माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे रोज कुणीतरी असं तिकीट परत करायला यायचं. त्यांना थांबवून समजावत बसायला मागची रांग वेळ देत नसे.

आरएसी म्हणजे वेटिंग नाही. आरएसी तिकिटावर तुम्ही गाडीत चढू शकता, डब्यात तुमची ठरलेली जागा असते, टीसी तुम्हाला उठवू शकत नाही. फक्त सुरुवातीला झोपायला पूर्ण बर्थ मिळत नाही. बाजूचा खालचा बर्थ, ज्याला साइड लोअर म्हणतात, तो मधून उभा करून त्याच्या समोरासमोर दोन खुर्च्या होतात आणि दोन आरएसीवाले तिथे बसतात. नवरा-बायकोचं एकाच तिकिटावर आरएसी असलं की पुष्कळदा दोघं एकाच बर्थवर येतात, मग अनोळखी माणसाशी वाटून घ्यायचाही प्रश्न येत नाही. एसी डब्यात आरएसीवाल्या दोघांनाही वेगळी चादर, उशी, पांघरूण द्यायचं असतं. कुणी एकच संच दिला तर दुसरा मागून घ्या. भाडं तुम्ही पूर्ण भरलेलं आहे.

आणि पुढे काय होतं ते ऐका. कन्फर्म तिकीट असलेले सगळे काही येत नाहीत. कुणाची गाडी चुकते, कुणाचा बेत बदलतो. आता टीसीच्या हातात कागदाच्या याद्यांऐवजी यंत्र असतं. कोण आलं नाही हे त्यात टिपलं की ती रिकामी जागा आधी आरएसीवाल्यांना जाते. म्हणून गाडीत बसल्यावर टीसी आला की “आमचं आरएसी आहे, रात्री बर्थ मिळाला तर सांगा” एवढं नम्रपणे सांगून ठेवा. आरएसीची रांग वेटिंगच्या पुढे असते. म्हणजे तुमचं वेटिंग सुटायला लागलं की आधी आरएसी होईल, मग कन्फर्म. आरएसी दिसलं की हात थांबवा, रद्द करू नका. नाइलाजाने रद्द करावंच लागलं तरी गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत ते करता येतं आणि थोडी वजावट जाऊन पैसे परत मिळतात. त्यामुळे घाई करायचं काहीच कारण नाही.

बर्थचा नंबर पाहून तो खालचा की वरचा हे ओळखण्याची एक सोपी रीत सांगतो, यजमानांना उपयोगी पडेल. स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये नंबराला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा. बाकी ७ म्हणजे साइड लोअर. पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे २३ नंबर आला तर साइड लोअर, ३३ आला तर खालचा. फोनवर नंबर आला की लगेच कळतं की गुडघ्यांचं काय होणार.

कन्फर्मबद्दलही एक सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा घाबराल. वेटिंगचं तिकीट चार्टच्या आधीच सुटलं तर नुसतं ‘सीएनएफ’ दिसतं. पुढे डबा नाही, नंबर नाही. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. तुमचा बर्थ पक्का झालेला असतो, कोणता ते चार्ट बनल्यावर कळतं.

चार्ट म्हणजे कोणत्या बर्थवर कोण, याची शेवटची यादी. पूर्वी ती गाडी सुटायच्या चार तास आधी निघायची. लोक पिशव्या भरून स्टेशनवर यायचे आणि फलाटावर कळायचं की जागा नाही. २०२५ च्या जुलैपासून रेल्वेने ही वेळ बरीच मागे नेली. सकाळच्या आणि दुपारच्या सुरुवातीच्या गाड्यांची यादी आदल्या दिवशीच निघते, बाकीच्यांची तेव्हा आठ तास आधी निघू लागली, २०२५ च्या डिसेंबरपासून निदान दहा तास आधी. बाहेरगावाहून स्टेशन गाठणाऱ्यांसाठी हे फार चांगलं झालं. अधिकाऱ्यांचा, खासदारांचा, इतरांचा राखून ठेवलेला आणि न वापरलेला कोटा याच वेळी मोकळा होतो. म्हणून कधीकधी आदल्या दिवसापर्यंत अडून बसलेलं वेटिंग चार्टच्या वेळी एकदम सुटतं. दुसरी यादी गाडी सुटायच्या अर्धा तास आधी बनते. पहिल्या यादीनंतर काही बर्थ मोकळे राहिले तर ते करंट बुकिंगमध्ये मिळतात, खिडकीवर आणि मोबाइलवरही.

इथे एक खाचखळगा आहे, तिथे भलेभले पडतात. चार्टची वेळ गाडी जिथून सुटते तिथून मोजतात. काही मोठ्या मधल्या स्टेशनांचा चार्ट वेगळा बनतो, पण सर्वसाधारण रीत हीच. तुमची गाडी हावड्याहून निघून अकोल्याला यायला जवळपास एक दिवस घेते. म्हणजे तुमच्या प्रवासाच्या आदल्या दिवशीच निकाल लागण्याची शक्यता आहे. पीएनआर रोज सकाळी बघत जा, शेवटचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. पीएनआर म्हणजे तिकिटावरचा दहा आकडी नंबर, तो १३९ वर एसएमएस केला तरी उत्तर येतं.

तत्काळचंही असंच. एसीचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, गाडीच्या आदल्या दिवशी. पण हा आदला दिवस अकोल्याचा नाही, हावड्याचा. समजा, गाडी १७ तारखेला हावड्याहून निघून १८ ला अकोल्याला येते आणि तुमचा प्रवास १८ चा आहे. तर तत्काळ १६ ला सकाळी दहाला उघडेल. १७ ला सकाळी खिडकीवर उभं राहाल तर वेळ निघून गेलेली असेल. भाच्याचं खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही आजच बघायला सांगा. २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी ते लागतं आणि त्या घाईच्या दोन मिनिटांत जोडून होणार नाही. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, हे मनात ठेवून मगच काढा.

तुमच्या तिकिटावर दोन माणसं आहेत. समजा, चार्टमध्ये तुमचं कन्फर्म झालं आणि यजमानांचं वेटिंगच राहिलं. मग तिकीट आपोआप रद्द होत नाही, कारण त्यावर एक जण पक्का आहे. पण यजमानांना बर्थ मिळालेला नसतो. अशा वेळी गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत अख्खं तिकीट रद्द केलंत तर तुमच्या कन्फर्म झालेल्या जागेचेही पैसे माणशी ठरलेली वजावट जाऊन परत मिळतात, कन्फर्म तिकिटाची मोठी कपात होत नाही. एका बर्थवर दोघांनी रात्र काढू असा विचार करू नका. ६६ वर्षांच्या माणसाने दुखऱ्या गुडघ्यांनी रात्रभर कडेला बसून राहायचं, ते मला मान्य नाही.

आणि दोघांचंही वेटिंगच राहिलं, तर मोबाइलवर काढलेलं तिकीट आपोआप रद्द होतं. पैसे ज्या खात्यातून गेले त्यात परत येतात, वजावट जाऊन. तुम्हाला कुठे जावं लागत नाही. खिडकीवर काढलेलं कागदी तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही, ते वेळेत परत करावं लागतं. तुमचं मोबाइलवरचं आहे, म्हणून ती काळजी नाही.

यावरून यजमानांच्या बोलण्याकडे येतो. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हा बेत सोडायला सांगा. मोबाइलवरचं वेटिंग तिकीट चार्टनंतर रद्द झालं की तुमच्याकडे तिकीटच नसतं. तसं चढलात तर तुम्ही विनातिकीट. किमान २५० रुपये दंड, वर भाडं, आणि डब्यातून उतरवणं. पूर्वी कागदी वेटिंग तिकीट घेऊन लोक स्लीपरमध्ये शिरायचे आणि चालून जायचं, म्हणून त्यांच्या पिढीच्या मनात ते राहिलंय. २०२५ च्या मे महिन्यापासून तेही कडक केलं आहे, वेटिंगवाल्याला स्लीपर आणि एसी डब्यात बसता येत नाही. टीसी भला असला तरी त्याच्या हातात काही नसतं, रिकामा बर्थ कुणाला द्यायचा याचा क्रम यंत्रात ठरलेला असतो. रात्री एखाद्या आडस्टेशनवर सामानासकट उतरायची वेळ आली तर पुण्यात लेकीच्या जिवाची काय घालमेल होईल, एवढा एकच विचार करा.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. वेटिंगची रांग संगणकात असते. कुणा एजंटाला त्यात तुमचा नंबर पुढे सरकवता येत नाही. तो काय करतो सांगू? तुमचं वेटिंग आपोआप सुटलं तर म्हणतो, मीच केलं, आणि पैसे ठेवतो. नाही सुटलं तर म्हणतो, यावेळी नाही जमलं. काही जण त्याहून वाईट करतात, दुसऱ्याच कुणाच्या नावावरचं कन्फर्म तिकीट हातात देतात. दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर प्रवास करणं १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ओळखपत्र मागितलं की पकडले तुम्ही जाता, तो नाही. मात्र इमर्जन्सी कोटा म्हणून एक खरी सोय असते. आजारपण, मृत्यू, नोकरीची मुलाखत अशा अडचणीसाठी रेल्वेच्या कार्यालयात अर्ज करून तो मागता येतो, त्याला पैसे लागत नाहीत. लेकीला अचानक कळा सुरू झाल्याचा फोन आला, तर ही वाट लक्षात ठेवा. आधीच काढलेलं वेटिंगचं तिकीट तेव्हा लागतं, म्हणूनही ते आज रद्द करू नका म्हणालो.

विकल्प नावाची योजना भाच्याने निवडली आहे का बघा. त्यात तुमचं तिकीट सुटलं नाही तर निवडलेल्या दुसऱ्या गाडीत जागा मिळू शकते, जास्तीचं भाडं न घेता. चांगली योजना आहे, पण गाड्या डोळसपणे निवडायच्या. दुसऱ्या गाडीत जागा लागली की पहिल्या गाडीवरचा हक्क संपतो, आणि मग नको म्हणालात तर ते कन्फर्म तिकीट रद्द केल्यासारखं धरतात. पहाटे तीनला अकोल्याला येणारी गाडी त्या यादीत ठेवू नका.

म्हणजे तुमचं असं ठरवा. आज संध्याकाळी भाच्याला चहाला बोलवा. पहिल्यांदा लोअर बर्थचा कोटा, तुमच्या तारखेला आणि त्याआधीच्या दोन दिवसांना. मिळाला तर तिकीट काढून मगच हे वेटिंग रद्द करा, आधी नाही. नाही मिळाला तर नागपूर ते पुणे, बोर्डिंग अकोला. तेही नाही तर तत्काळची तारीख कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवा, हावड्याची तारीख धरून. दोन तिकिटं हातात आली तर एक लगेच मोकळं करा, शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवू नका. तुमच्या मागे अकराव्या, बाराव्या नंबरावरही कुणीतरी लेकीकडेच निघालेलं असेल.

डिंकाचे लाडू थोडे आधीच करून ठेवा, शेवटचा आठवडा पीएनआर बघण्यात जाईल. खालचा बर्थ मिळाला तर यजमानांना तिथे झोपवा, आणि गुडघ्याखाली घ्यायला घरची एक लहान उशी सोबत न्या.